करंगळीकडची बाजू

मला कुष्ठरोग झाला होता. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, म्हणजे ज्यांना पान इथेच मिटायचं असेल त्यांनी मिटावं, आणि ज्यांना आपल्याच अंगावरचा एखादा चट्टा आठवला असेल त्यांनी पुढे वाचावं. मी लिहिते आहे ते या चट्टा आठवलेल्या लोकांसाठी.

आता मी बरी आहे. गोळ्या संपल्या. तरी चारचौघांत हा शब्द उच्चारला की समोरचा माणूस आधी माझ्या हाताकडे बघतो, मग नाकाकडे, आणि मग चहा नको म्हणतो. पूर्वी मला याचं रडू यायचं. आता मी म्हणते, "बरं, नका घेऊ, तुमचा पण मी घेते." तोंडाळ तर मी आधीपासूनच होते, आजाराने त्यात भर पडली एवढंच.

शिकायला गेले ते

मी आंधळगावची. आमच्याकडे कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणतात. माझे बाबा हातमागावर बसतात, माय मागासाठी सुताच्या कांड्या भरते. बारावीनंतर तीन वर्षं मी एका औषधाच्या दुकानात काम केलं. तेव्हा माझ्या मामाला लकवा मारला. दवाखान्यात त्याच्याकडे रोज एक बाई यायच्या. त्यांनी चमच्याच्या दांड्याला जुनं फडकं गुंडाळून तो जाड केला आणि मामाच्या मुठीत दिला. बाराव्या दिवशी मामा स्वतःच्या हाताने वरणभात जेवला. अर्धा सांडला, पण जेवला. मामी बाहेर जाऊन रडली. मी त्या बाईंना विचारलं, तुमच्या कामाला काय म्हणतात?

त्याला व्यवसायोपचार म्हणतात. त्यातल्या सहायकाचा दीड वर्षाचा कोर्स नागपूरला होता, तिथे मी नाव घातलं. उपचार काय करायचे ते थेरपिस्ट ठरवतात, आणि सहायक ते रोज पेशंटकडून करून घेतात. अंघोळ, जेवण, लिहिणं, भाकरी थापणं, जे माणसाच्या हातून गेलं ते परत आणायचं. गावात सगळ्यांना वाटलं, मी ऑपरेशन थिएटरात कामाला लागणार. मायने कोणाची चूक दुरुस्त केली नाही. बाबा मात्र बरोबर सांगायचे, "लोकाइले जेवाले शिकवते आमची वैशाली."

होस्टेलच्या खोलीत माझ्यासोबत करुणा होती, पवनीकडच्या कोंढ्याची. तिच्या टेबलावर बुद्धाची लहान मूर्ती, माझ्या टेबलावर गणपती, आणि मधे दोघींचा एकच मोबाइल चार्जर. शनिवारी आम्ही एकाच गाडीत बसायचो. वरठीला भंडारा रोड स्टेशनवर उतरायचो, आणि तिथून ती तिच्या वाटेने, मी माझ्या.

या कामात स्वतःचे हात हेच हत्यार असतं. पहिल्या आठवड्यातच मॅडमनी सांगितलं होतं, नखं कापा, अंगठ्या काढा, हाताला जपा. मॅडम म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख थेरपिस्ट. त्या एकदा सांगायच्या, दुसऱ्यांदा नुसत्या बघायच्या.

हो

सातव्या महिन्यात हाताची संवेदना तपासायला शिकवलं. एका काडीला नायलॉनचा बारीक धागा लावलेला असतो. पेशंटने डोळे मिटून हात टेबलावर ठेवायचा, आपण धागा एकेका जागी टेकवायचा, त्याला कळलं की त्याने "हो" म्हणायचं. धागा टेकवण्यातलं अंतर सारखं ठेवायचं नाही. ज्याला कळत नसतं तो माणूस ताल पकडतो आणि तालावर "हो, हो" म्हणत जातो. हे वाक्य मी आदल्या दिवशी वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

जोड्या पाडल्या. करुणा तपासणार, मी पेशंट. मी डोळे मिटले आणि उजवा हात पुढे केला. अंगठ्याकडे कळलं, मधल्या बोटापर्यंत कळलं. पुढे काही कळेना. मला वाटलं, करुणा धागा नीट टेकवत नाही. तिचं प्रॅक्टिकल बिघडायला नको म्हणून मी अंदाजाने "हो" म्हणत गेले. खरं सांगते, माझ्या मनात दुसरं काहीच नव्हतं. परीक्षा तिची चालली होती, माझं काम तिला पास करणं एवढंच होतं.

मधे थोडा वेळ गेला. मी "हो" म्हटलं. पुन्हा थोड्या वेळाने "हो" म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा मॅडमचा आवाज अगदी जवळून आला.

"वैशाली, डोळे उघड."

काडी करुणाच्या हातात नव्हती. ती मॅडमच्या हातात होती, आणि त्यांचा हात मागे, पाठीशी होता.

"मी धागा टेकवलाच नाही," मॅडम म्हणाल्या.

मागच्या बाकावर दोघी-तिघी हसल्या. मॅडम हसल्या नाहीत, तेव्हा त्याही थांबल्या. मॅडमनी माझं कोपर धरलं आणि मागच्या बाजूने, हाडाच्या खोबणीत, बोटाने काहीतरी चाचपलं. मग डावं कोपर चाचपलं. मग पुन्हा उजवं. तिथे मज्जातंतूची, म्हणजे शिरेची, दोरी लागते, ती उजवीकडे जाड झाली होती. मी शिकणारी होते, मला कळत होतं त्या काय बघताहेत.

मग एकेक आठवायला लागलं. दोन महिन्यांपूर्वी इस्त्रीने करंगळीला फोड आला होता आणि तो मला करुणाने दाखवला होता. पेन हातातून निसटायचा. दंडावर मागच्या बाजूला एक फिकट चट्टा होता, त्याला मी दुकानात असल्यापासून गजकर्णाचं मलम लावत होते. तो खाजत नव्हता, दुखत नव्हता. म्हणून मी निश्चिंत होते.

तुमच्या अंगावर असा चट्टा असेल, न खाजणारा, न दुखणारा, तर तोच आधी दाखवा. मी औषधाच्या दुकानात बसून स्वतःला चुकीचं मलम विकलं.

सहा महिने बघू

दुसऱ्या दिवशी मॅडम मला स्वतः मोठ्या दवाखान्यात घेऊन गेल्या. चामडीच्या विभागाबाहेर लाकडी बाक होते. आम्ही दोघी एकाच बाकावर बसलो, तेव्हा मॅडमच्या मांडीवर माझी ओढणी आली होती. त्यांनी ती सारली नाही. या एवढ्याशा गोष्टीचा मी नंतर खूपदा विचार केला.

डॉक्टरांनी सगळं बघितलं आणि आजाराचं नाव सांगितलं. आवाज खाली आणला नाही, हे मला आवडलं. ते म्हणाले, आजार पूर्ण बरा होतो, गोळ्या सरकारकडून मिळतात, वर्षभर एकही दिवस न चुकता घ्यायच्या. गोळ्या सुरू झाल्या की तुझ्यापासून कोणाला धोका नाही. वर्गात बस, सगळ्यांसोबत जेव.

"आणि हात?" मी विचारलं.

"शीर सुजलेली आहे. ती उतरायला वेगळ्या गोळ्या देतो. लवकर आलीस, त्यामुळे ताकद परत येऊ शकते. पण येईलच असं आज नाही सांगू शकत. सहा महिने बघू."

बाहेर आल्यावर मॅडमनी मला चहा पाजला आणि मग जे सांगायचं ते सांगितलं. "थेअरी तू देशील. प्रॅक्टिकलचं हात ठरवेल. पेशंटला खुर्चीतून उठवताना तुझी पकड सुटली तर तो पडेल. मी दया दाखवून तुला पास करणार नाही."

मी तेव्हा त्यांना मनातल्या मनात खूप शिव्या घातल्या. तरी मला पुढे धरून राहायला त्या दिवसातलं तेच एक वाक्य होतं. बाकी सगळे "काही होत नाही गं" म्हणत होते, आणि काही होत नाही हे मला पटत नव्हतं.

पहिल्या गोळ्यांनंतर लघवी लाल झाली. होणार हे माहीत होतं, तरी मी संडासात बसून रडले. पुढे कातडी काळपट पडली. शिरेच्या गोळ्यांनी चेहरा सुजून गोल झाला आणि भूक अशी लागायची की मेसच्या काकू म्हणायच्या, "पोरगी बाळसं धरून राहिली." मी हो म्हणायचे. त्या प्रेमाने जास्तीची पोळी वाढायच्या.

करुणाबद्दल एक गोष्ट लिहू की नको, असं झालं होतं. तिनेच लिहायला सांगितली. आमच्या दोघींचे टॉवेल दाराच्या मागे शेजारी शेजारी लटकायचे. मी दवाखान्यातून आले त्या रात्री तिने आपला टॉवेल खिडकीच्या गजावर टाकला. मी ते बघितलं. तिसऱ्या दिवशी तो परत दारामागे आला.

"मी दोन दिवस घाबरली होती वं," ती म्हणाली. "पुस्तकात वाचलं तेच खरं, हे मालूम होतं मले. पन अंगाले समजाले वेळ लागला."

मला तिचा राग आला नाही. माझ्या अंगालाही तेच समजायला वेळ लागत होता. मी स्वतः माझा पेला वेगळा ठेवायला लागले होते, आणि तो पेला करुणाने उचलून सगळ्या पेल्यांत मिसळला.

बाकाची दुसरी बाजू

वर्ग नऊला भरायचा. मी आठला जाऊन त्याच विभागात पेशंटच्या बाकावर बसायचे. कोमट पाण्यात हात बुडवणं, तेल लावणं, बोटं सरळ करणं, चिमटीत मणी धरणं. माझ्याकडून ते माझ्याच वर्गातल्या मुली करून घ्यायच्या, कारण त्यांना सराव हवा होता आणि मी हाताशी होते.

त्या बाकावर बसून मला जे कळलं ते कोणत्याच तासाला कळलं नव्हतं. कोणी न विचारता तुमचा हात उचलतं तेव्हा तो हात तुमचा राहत नाही. मणी डबीत पडला की "शाब्बास" म्हणतात, आणि तुम्ही बावीस-तेवीस वर्षांच्या असता आणि नुसता एक मणी उचललेला असतो. मीही मागच्या महिन्यात एका निवृत्त मास्तरांना तसंच "शाब्बास" म्हटलं होतं. ते माझ्याकडे का बघत राहिले होते, ते मला त्या बाकावर बसून कळलं.

एक चाचणी रोज व्हायची. दोन बोटांच्या फटीत कागद धरायचा आणि समोरच्याने तो ओढायचा. माझ्या करंगळीशेजारून कागद ओढावाच लागायचा नाही, तो आपोआप निघून यायचा. पहिल्या महिन्यात, दुसऱ्या महिन्यात, तिसऱ्या महिन्यात तसंच. कागद तोच, बोटं तीच. मी कॅलेंडर बघणं सोडून दिलं. कोर्स सोडून दुकानात परत जाण्याचा अर्ज मनात तीनदा लिहिला. दुकानात गोळ्या मोजायला डावा हात पुरतो.

घरी

घरी सांगायला मी तीन शनिवार टाळले. चौथ्या शनिवारी स्वयंपाकघरात मायला सांगितलं. ती भाजी चिरत होती. विळी आडवी केली आणि पहिला प्रश्न विचारला, "कोना कोनाले सांगतलं तू?"

"गावात कोनालेच नाई."

"मंग नस दबली म्हन. कोनी विचारलं तं नस दबली म्हनाचं. लग्न व्हाचं हाय तुह्यं."

तिने मला त्याच ताटात वाढलं, शेजारी बसून जेवली. पण नंतर माझं ताट तिने स्वतः, वेगळं, उकळत्या पाण्याने धुतलं. मी दारातून बघत होते. तिला कळलं, तरी ती धूत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी पडत होतं आणि हात थांबत नव्हते. त्या दिवशी मला जे वाटलं त्याला राग म्हणता येत नाही. मला फार एकटं वाटलं.

मग बाबा. ते मागावर होते. आमचा माग खड्ड्यातला, बाबा कमरेपर्यंत जमिनीत असतात, म्हणून मी शेजारी खाली बसले. सगळं सांगितलं. उजव्या हाताने दोरी ओढायची, धाग्याचा धोटा इकडून तिकडे पळायचा, पाय दाबायचा, हे चालूच होतं. मी हात दाखवला. बाबांनी एकदा बघितलं.

"तुह्याले काई झालं नाई," ते म्हणाले. "मागावाल्याच्या घरचा हात असाच राह्यते. दोरी वढून वढून माहीबी बोटं वाकली. पाह्य."

त्यांनी उजवा हात माझ्यापुढे धरला.

तो हात मी जन्मापासून बघत आले होते. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलेलं. सगळं गाव म्हणायचं, मागावर बसून हात वळला. लहानपणी आम्हा पोरांना त्या हाताचा कोण अभिमान. बाबा त्या दोन बोटांनी चुलीतला निखारा उचलून बिडी पेटवायचे. मी मैत्रिणींना मुद्दाम बोलावून दाखवायचे. आम्ही म्हणायचो, आमच्या बाबाले आग भेते.

आता मी सात महिने हात वाचायला शिकलेली मुलगी होते. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधला फुगीर भाग आत बसलेला मला दिसला. भाजल्याचे जुने, गुळगुळीत झालेले डाग दिसले. दोरी आमच्या गल्लीतले सगळेच ओढतात. पण बाकीच्यांची बोटं कामामुळे जाड झाली आहेत, अशी आत वळलेली नाहीत. हे माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला ते कधी दिसलं नव्हतं. मी नागपूरला जाऊन परक्यांचे हात शिकत होते.

"बाबा, डोळे मिटा," मी म्हटलं. "मी बोट टेकवतो, तुमी सांगा."

त्यांनी हात मागे घेतला. "कायले? माग चालून राहिला ना?"

आणि दोरी ओढली.

पंधरा दिवसांनी आरोग्य केंद्रातल्या ताई घरच्यांची तपासणी करायला आल्या. घरात एक पेशंट निघाला की सगळ्यांना तपासतात. मायला तपासलं, तिला काही नव्हतं, तिला आजार टाळायची गोळी दिली. त्या येणार हे आधी कळवलेलं होतं. बाबा त्या दिवशी सकाळपासून सूत आणायला मोहाडीला गेले ते संध्याकाळीच आले. सूत आणलं नव्हतं.

मला बाबांचा राग आला, हे लिहायला हवं. आपला हात दाखवत नाहीत याचा राग होताच. त्याच्या खाली दुसरा होता, तो जास्त वाईट. हे मला कदाचित त्यांच्यापासूनच आलं असेल, असं वाटायचं. ज्या हाताने त्यांनी मला सायकलवर बसवलं, शाळेत सोडलं, त्या हाताचा मला राग आला. दोन महिने मी घरी गेले नाही. अभ्यास आहे म्हणून सांगितलं. बाबांनी फोन केला की मी मायला द्या म्हणायचे.

कागद

चौथ्या महिन्यात एका मंगळवारी कागद थोडा अडला. समोर करुणा होती. तिने ओढला, तो क्षणभर थांबला आणि मग आला. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. "पुन्हा," ती म्हणाली. पुन्हा अडला.

पाचव्या महिन्यात कागद फाटला. करुणाने त्याचे दोन्ही तुकडे वहीत ठेवले.

सहाव्या महिन्यात मॅडमनी तपासलं. त्यांनी पूर्ण वीस मिनिटं घेतली आणि मधे कितीतरी वेळ काहीच केलं नाही. मी डोळे मिटून बसले होते. जिथे कळलं तिथेच बोलले. ताकद जवळजवळ सगळी परत आली होती. तळव्याची करंगळीकडची बाजू मात्र मुकीच राहिली. अजूनही तशीच आहे. मी पाणी गरम आहे का ते कोपराने बघते, रोज रात्री हात उजेडात धरून जखम शोधते, चहाचा कप डाव्या हातात घेते. सवय झाली आहे. चष्म्याची होते तशी.

प्रॅक्टिकलला मला एक वजनदार आजी मिळाल्या. त्यांना पलंगावरून खुर्चीत बसवायचं होतं. आधी मी विचारलं, "आजी, तुमचा हात धरू का?" त्या म्हणाल्या, "धर ना, विचारते कायले?" पकड टिकली. खुर्चीत बसल्यावर आजींनी पदर सारखा केला आणि मला म्हणाल्या, जोर आहे तुझ्यात. मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या मुलीला बोलावलं. मी पास झाले होते.

बाबा

निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी घरी गेले. माय बाजारात गेली होती. बाबा मागावर होते. मी पास झाल्याचं सांगितलं. त्यांनी माग थांबवला, हे त्यांनी माझ्यासाठी क्वचितच केलं असेल. मी उजवा हात पुढे केला, बोटं पसरली, मिटली, पुन्हा पसरली. ते बघत राहिले.

"आली सारी?"

"ताकद आली. करंगळीकडं समजत नाई, तेवढं राहिलं. लवकर दाखवलं म्हनून आली. तुमची बोटं आता सरळ होनार नाई, बाबा, मी खोटं नाई बोलत. पन पुढचं थांबन. डोळे, पाय, दुसरा हात, हे वाचन. चला माह्यासोबत."

ते बराच वेळ सुताच्या धाग्यांवरून हात फिरवत बसले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "माह्यापासून झालं काय तुले?"

हा प्रश्न मी डॉक्टरांनाही विचारला होता. ते म्हणाले होते, हे कोणालाच नक्की सांगता येत नाही, घरातून येऊ शकतं, बाहेरूनही येऊ शकतं. वाटेत गाडीत मी ठरवलं होतं की बाबांनी कधी विचारलंच तर "नाही" म्हणायचं. राग तोवर बराच निवला होता, आणि खड्ड्यात बसलेल्या माझ्या बापाला एक "नाही" दिल्याने कोणाचं काय जाणार होतं?

"झालं असन," मी म्हटलं. "नसनबी. कोनी सांगू शकत नाई."

त्यांचा चेहरा पडला. मला तो बघवेना, पण मी बघितला.

"नाई म्हनाले काय झालं होतं तुले?"

"मंग माही दुसरी गोष्ट तुमी कायले मानली असती? औषधानं थांबते, ही?"

बाबा खड्ड्यातून वर आले, हातपाय धुतले, बाहेर ओट्यावर जाऊन बसले. माय बाजारातून आली, भाजी ठेवली, दोघांकडे आळीपाळीने बघितलं. जेवताना बाबांनी मला विचारलं, "उद्या किती वाजता निघाचं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे भंडाऱ्याच्या दवाखान्यात गेलो. बाबांनी धुतलेला पांढरा शर्ट घातला होता, पूर्ण बाह्यांचा. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी बाबांचा उजवा हात टेबलावर घेतला, उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "हे कधीपासून आहे, काका?"

बाबा मागाचं सांगतील, दोरीचं सांगतील, या तयारीने मी बसले होते. मी मधे बोलायचं ठरवलं होतं.

"ही सात वर्साची होती," बाबा म्हणाले. "दुसरीत. चट्टा त्याच्याआधीचा."

मी त्यांच्याकडे वळून बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. म्हणजे त्यांना माहीत होतं. सोळा वर्षं, पहिल्या दिवसासकट. गावाला, मायला, मला त्यांनी मागाचं कारण सांगितलं, आणि स्वतःला एकदाही सांगितलं नव्हतं. मला तिथेच ओरडावंसं वाटलं आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडावंसंही वाटलं. मी दोन्हींतलं काही केलं नाही.

डॉक्टरांनी लिहून घेतलं. त्यांचं लिहून होईपर्यंत बाबा थांबले. मग म्हणाले, "माह्यं राहू द्या. हिच्या हाताले आता काई धोका नाई ना?"

"नाही, काका. हिचा हात वाचला. वेळेवर दाखवला ना तिने."

बाबांनी मान हलवली. "मंग हाबी पाहून घ्या," असं म्हणून त्यांनी डावा हात टेबलावर ठेवला आणि उजव्या हाताने डाव्या बाहीचं बटण काढायला घेतलं. वाकलेल्या बोटांतून बटण निसटत होतं. एकदा निसटलं, दोनदा निसटलं. डॉक्टर थांबल्या. मीही हात मांडीवर ठेवून थांबले. जे पेशंटला स्वतः करता येतं, ते आमच्या कामात आपण करायचं नसतं.